दाराशी अडलेले जहाज

डिसेंबर १८४४ मध्ये ब्रिस्टलच्या बंदरात मजुरांची एक फौज दिवसभर दगड फोडत होती. दगड बंदराच्याच भिंतीचे होते, आणि ते काढून घेणारा इझमबार्ड किंगडम ब्रुनेल हा त्याच बंदराला पूर्वी सल्ला देणारा अभियंता होता. अडतिसाव्या वर्षी त्याने जगातील सर्वांत मोठे जहाज उभे केले होते आणि ते दारातून बाहेर पडत नव्हते.

ब्रुनेलचा जन्म ९ एप्रिल १८०६ रोजी पोर्ट्समथ येथे झाला. वडील मार्क ब्रुनेल हे क्रांतीच्या धामधुमीत फ्रान्स सोडून आलेले अभियंते. टेम्स नदीखालच्या त्यांच्या बोगद्यावर देखरेख करीत असताना १८२८ मध्ये नदी आत शिरली. सहा जण दगावले, तरुण इझमबार्ड जबर जखमी झाला. विश्रांतीसाठी तो ब्रिस्टलजवळच्या क्लिफ्टनला आला आणि या शहराशी त्याची गाठ पडली ती कायमची. १८३३ मध्ये, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, तो ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा मुख्य अभियंता झाला. लंडन-ब्रिस्टल लोहमार्ग पुढे न्यूयॉर्कपर्यंत जहाजाने वाढवावा, ही कल्पनाही त्याचीच.

ब्रिस्टलची अडचण मात्र जुनी होती. ओहोटीला एव्हन नदी इतकी आटे की गलबते चिखलात रुतून बसत. म्हणून १८०९ मध्ये नदीचे पात्र अडवून ‘फ्लोटिंग हार्बर’ तयार झाले. पाणी कायम राहिले, पण जहाजांची ये-जा लॉकमधून होऊ लागली. लॉक म्हणजे पाण्याची देवडीच: जहाज दोन दरवाज्यांमध्ये घ्यायचे, आतले पाणी बाहेरच्या पातळीला आणायचे, मग पुढचा दरवाजा उघडायचा. तिथे बुद्धिचातुर्य चालत नाही. जहाज भिंतींमधील अंतरापेक्षा रुंद असेल तर ते जात नाही, एवढाच हिशेब.

‘ग्रेट ब्रिटन’चे बांधकाम १८३९ मध्ये सुरू झाले आणि आराखडा वाढतच गेला. लाकडाऐवजी लोखंड आले. ‘आर्किमिडीज’ हे मळसूत्री पंख्यावर चालणारे जहाज पाहिल्यावर बाजूची चाके जाऊन पंखा आला, आणि त्याच्या यंत्रांसाठी रुंदीही वाढली. लांबी ३२२ फूट, रुंदी साडेपन्नास फूट. यंत्रे जलावतरणापूर्वीच चढवल्याने जहाज पाण्यात अधिक खोलही बसले. लॉकमध्ये फेरफार करावे लागणार हे माहीत होते. ते वेळेवर झाले नाहीत. १९ जुलै १८४३ रोजी राजपुत्र अल्बर्टच्या उपस्थितीत जलावतरणाचा मोठा सोहळा झाला आणि त्यानंतर जहाज वर्षभराहून अधिक काळ बंदरातच अडकले. लाखाहून अधिक पौंड त्यात गुंतले होते. गोदी कंपनीची कांकू अगदीच अनाकलनीय म्हणता येणार नाही: लॉक ढासळले तर साऱ्या बंदराचे पाणी वाहून जायचे. अखेर बोलणी यशस्वी होऊन काम सुरू झाले.

पहिले लॉक पार पडले. नदीकडे जाताना दुसऱ्यात मात्र सकाळच्या भरतीला जहाज दोन भिंतींच्या मध्ये रुतले. भरती उतरली असती तर लोखंडी सांगाडा दगडांवर टेकून वाकला असता. कप्तान क्लॅक्स्टन यांनी प्रसंगावधान राखून ते वेळीच मागे ओढून घेतले. मग ब्रुनेल स्वतः भिंतीवर उभा राहिला. माथ्याचे दगड निघाले, अडथळे तोडले गेले. रात्रीची भरती ही त्या खेपेची शेवटची संधी होती. ती साधली आणि ‘सॅमसन’ या ओढबोटीने जहाज अंधारात एव्हन नदीत नेले. वेल्समधील एका रेल्वेच्या संचालकांकडे तो जाणार होता. जहाज पुन्हा तरंगताना पाहिल्याशिवाय हलणार नाही, असे त्याने कळवले. इतर कामांना सहसा न टाळणाऱ्या माणसाने हे कळवावे, यातच त्याच्या काळजीचे माप आहे.

पुढे त्याने बंदराला नवे रुंद लॉक बांधून दिले, पण ते १८४९ मध्ये पुरे झाले. तोवर ‘ग्रेट ब्रिटन’ लिव्हरपूलहून न्यूयॉर्कला जाऊ लागले होते, १८४६ मध्ये आयर्लंडच्या डंड्रम उपसागरात वाळूवर चढले होते आणि त्या खर्चाने कंपनी बुडाली होती. नव्या मालकांनी १८५७ च्या उठावाच्या वेळी याच जहाजातून मुंबईला पलटणी आणल्या.

ब्रुनेलने मात्र हात आखडला नाही. त्याचे शेवटचे जहाज ‘ग्रेट ईस्टर्न’ ६९२ फुटांचे होते. टेम्सची रुंदीच त्याला अपुरी पडली, म्हणून ते आडवे पाण्यात ढकलावे लागले, आणि त्यालाही नोव्हेंबर १८५७ ते जानेवारी १८५८ असे तीन महिने गेले. १५ सप्टेंबर १८५९ रोजी, त्रेपन्नाव्या वर्षी, ब्रुनेल निवर्तला. १८७० मध्ये याच जहाजाने मुंबई ते एडन समुद्री तारेची केबल टाकली.

‘ग्रेट ब्रिटन’चा सांगाडा फॉकलंड बेटांवर अनेक दशके पडून होता. जुलै १९७० मध्ये तो ब्रिस्टलला परतला. जन्माच्या गोदीत शिरण्यासाठी पुन्हा लॉक ओलांडायचे होते. पाणी पुरेसे चढेपर्यंत जहाज दाराशी दोन आठवडे थांबले आणि १९ जुलैला, जलावतरणानंतर बरोबर १२७ वर्षांनी, आत आले.