मेलेल्या जंतूंचे विष

रिचर्ड पायफर (१८५८-१९४५) हे जर्मन जंतुशास्त्रज्ञ. इन्फ्लुएंझाचा जंतू सापडल्याचे त्यांनी १८९२ मध्ये जाहीर केले, ते साफ चुकले. फ्लू विषाणूमुळे होतो. पण त्याच वर्षी बर्लिनमध्ये, रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत, त्यांनी पटकीचे जंतू उष्णतेने मारून गिनीपिगना टोचले. जनावरे तरीही दगावली. विष जंतूच्या अंगातच होते! हेच एंडोटॉक्सिन. पुढे १८९७ मध्ये प्लेगच्या अभ्यासासाठी पायफर मुंबईलाही येऊन गेले.

मेलेला जंतू मारतो कसा, हे मात्र त्यांच्या हयातीत उलगडले नाही. एंडोटॉक्सिन आपल्याच पांढऱ्या पेशींना खवळवते आणि त्या टीएनएफसारखी संदेशवाहक प्रथिने रक्तात सोडतात. १९७५ मध्ये टीएनएफ ओळखले गेले, तेही एंडोटॉक्सिन टोचलेल्या उंदरांच्या रक्तात. बेताने असली तर ही प्रथिने रक्षण करतात. गंभीर संसर्गात त्यांचा पूर येतो, आतड्याच्या अस्तरातील पेशींचे सांधे सैल होतात आणि आतड्यात एरवी निमूट राहणाऱ्या जंतूंचे एंडोटॉक्सिन रक्तात झिरपते. पेशी आणखी खवळतात. संसर्ग फुप्फुसात असला तरी अतिदक्षता विभागातले डॉक्टर रुग्णाचे पोटही रोज तपासतात.