अस्वलाशी झुंजणारा प्रशिक्षक

१ जानेवारी १९७९. न्यू ऑर्लिन्समधील छत असलेल्या सुपरडोम स्टेडियममध्ये ‘शुगर बाऊल’ लढत सुरू होती. अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमधील पहिल्या क्रमांकाचा पेन स्टेट आणि दुसऱ्या क्रमांकाचा अलाबामा हे संघ आमनेसामने होते. अलाबामाचे प्रशिक्षक पॉल ‘बेअर’ ब्रायंट यांच्या डोक्यावर नेहमीची चौकड्यांची हॅट मात्र नव्हती. छपराखाली टोपी घालू नये, ही आईची शिकवण त्यांनी पासष्टाव्या वर्षीही पाळली होती.

अर्कान्सा राज्यातील मोरो बॉटम येथे एका गरीब शेतकरी कुटुंबात ११ सप्टेंबर १९१३ रोजी त्यांचा जन्म झाला. किशोरवयात एका खेळात अस्वलाशी कुस्ती धरल्याने त्यांना ‘बेअर’ हे नाव चिकटले, ते कायमचे. पुढे ते अलाबामा विद्यापीठाकडून खेळले. मेरिलँड, केंटकी आणि टेक्सास ए अँड एम येथे प्रशिक्षक राहिल्यानंतर १९५८ मध्ये ते आपल्याच विद्यापीठात परतले. १९६१, १९६४ आणि १९६५ मध्ये त्यांच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

त्या काळी विजेता मैदानावर नव्हे, तर पत्रकार व प्रशिक्षकांच्या मतदानातून ठरत असे. १९६६ मध्ये एकही सामना न गमावता अलाबामाला तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नसल्याची ती किंमत होती, असे अनेकांचे मत आहे. ज्या राज्याच्या गव्हर्नरने १९६३ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना रोखण्यासाठी विद्यापीठाच्या दारात ठाण मांडले, तेथे ब्रायंट यांचा शब्द मोठा होता. तरीही त्यांनी तो वेळेवर वापरला नाही, हा आक्षेप त्यांच्या कीर्तीला आजही चिकटलेला आहे.

१९७० मध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंचा भरणा असलेल्या सदर्न कॅलिफोर्नियाने बर्मिंगहॅममध्ये येऊन अलाबामाला ४२-२१ असे धुळीस मिळवले. शिष्यवृत्ती मिळालेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू विल्बर जॅक्सन तोवर विद्यापीठात दाखल झाला होता. १९७१ मध्ये जॉन मिचेल संघातून खेळला. त्यानंतर संघाचे रूप झपाट्याने पालटले.

सुपरडोममधील त्या सामन्यात या बदलाचे फळ दिसले. अखेरच्या सत्रात अलाबामा १४-७ असा पुढे असताना पेन स्टेट गोलरेषेशी येऊन ठेपला. दुसऱ्या प्रयत्नात कृष्णवर्णीय डॉन मॅकनीलने स्कॉट फिट्झकीला रेषेलगतच मैदानाबाहेर ढकलले. चौथ्या प्रयत्नात एका यार्डाहूनही कमी अंतर उरले असताना श्वेतवर्णीय बॅरी क्रॉसने सहकाऱ्यांच्या साथीने माइक गुमानला हवेतच अडवले. सामना तेथेच फिरला.

पत्रकारांच्या मतदानात अलाबामा अव्वल ठरला. प्रशिक्षकांनी मात्र त्याच मोसमात अलाबामाला हरवणाऱ्या सदर्न कॅलिफोर्नियाला कौल दिला. १९७९ च्या मोसमात अपराजित राहून ब्रायंट यांनी सहावे आणि अखेरचे विजेतेपद निर्विवाद मिळवले.

१९८२ च्या डिसेंबरमध्ये ३२३ वा विजय मिळवून ते निवृत्त झाले. त्यानंतर महिनाभरातच, २६ जानेवारी १९८३ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. उशिरा का होईना, काळाची पावले ओळखल्यामुळेच त्यांच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध पूर्वार्धाइतकाच तेजस्वी ठरला.