व्हिक्टर हेस : आकाशातल्या किरणांचा शोध

थंड झालेल्या लाव्हारसाचं वय कसं ओळखतात? एका पद्धतीची सुरुवात चक्क बलूनमध्ये झाली!

व्हिक्टर हेस यांचा जन्म 24 जून 1883 रोजी ऑस्ट्रियात झाला. हवेत नेहमी थोडे विद्युतभारित कण सापडतात. ते जमिनीतल्या किरणोत्सारामुळे तयार होतात, असं तेव्हा बहुतेकांना वाटे. मग उंचावर ते कमी व्हायला हवेत ना? हेस यांनी स्वतः वर जाऊन बघायचं ठरवलं. 7 ऑगस्ट 1912 रोजी ते हायड्रोजनच्या बलूनमधून 5300 मीटर उंच गेले. तिथे हवा विरळ, चूक झाली तर जीवावर बेतणार. पण नोंदी उलट्याच आल्या. वर प्रारण वाढलं होतं! म्हणजे किरण आकाशातून येत होते. हेच वैश्विक किरण.

1936 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. दोनच वर्षांत नाझींनी त्यांना पदावरून काढलं. त्यांची पत्नी ज्यू होती. दोघं अमेरिकेला गेले. तिथे हेस फोर्डहॅम विद्यापीठात शिकवू लागले. 17 डिसेंबर 1964 रोजी त्यांचं निधन झालं.

लाव्हा थिजून उघड्यावर पडला की हे किरण त्यातल्या अणूंवर आदळतात आणि हेलियम-3 तयार होतो. समुद्रसपाटीला एका ग्रॅममध्ये वर्षाला जेमतेम शंभरेक अणू! ते मोजले की खडक किती वर्षं उघडा आहे ते कळतं. 1986 मध्ये हवाई बेटांवरच्या लाव्हात असा हेलियम सापडला. हेस तेव्हा नव्हते. त्यांचे किरण मात्र खडकाचं घड्याळ झाले होते.