नाताळच्या गीताचा कर्ता : अदोल्फ अदां

डिसेंबर महिना लागला की ‘ओ होली नाइट’ हे गीत कानांवर पडल्यावाचून राहत नाही. मिशनच्या शाळांतील गायकवृंद ते बसवतात, रेडिओवर ते लागते आणि ख्रिस्ती धर्माशी ज्यांचा काही संबंध नाही अशी मंडळीही, गाणारा शेवटच्या उंच स्वराला पोहोचला की, माना डोलावतात. प्रस्तुत लेखकाला मात्र हे गीत कधीच आवडले नाही. गाणे शिकवण्यात ज्याचा दिवस जातो त्याने अशी कबुली देणे म्हणजे शिष्यांचा रोष ओढवून घेणे होय. पण ही नावड एकट्याची नाही. जिथे हे गीत जन्मले त्या फ्रान्सातच धर्मगुरूंनी आणि जाणत्या संगीतज्ञांनी त्याला पिढ्यान्‌पिढ्या नावे ठेवली आहेत. ज्याने त्याची चाल बांधली त्या अदोल्फ अदां याचे चरित्र पाहिले, तर लोकांची आवड आणि जाणत्यांची नावड या दोन्ही गोष्टी त्याला जन्मभर जोडीनेच भेटल्या असे दिसते.

अदांचा जन्म पॅरिस येथे 24 जुलै 1803 रोजी झाला. वडील लुई अदां हे आल्सेस प्रांतातून पॅरिसला येऊन स्थिरावलेले नामांकित पियानोवादक. पॅरिसच्या सरकारी संगीत विद्यालयात, म्हणजे कॉन्झर्व्हातोआरमध्ये, त्यांनी चाळीस वर्षांहून अधिक काळ पियानो शिकवला. पियानोवादनावर त्यांनी लिहिलेला पाठ्यग्रंथ त्या विद्यालयात प्रमाण मानला जाई. अशा घरातल्या मुलाला विद्या आपोआप मिळत असेल, असे बाहेरच्यांना वाटते. दरबारी गवयाच्या घरात वाढलेल्या माणसाला ठाऊक असते की, तसे नसते. ज्या वडिलांनी उभा जन्म सुरांत काढला, त्यांनाच पुष्कळदा मुलाने या वाटेला जाऊ नये असे वाटते. लुई अदां यांचेही तसेच होते. मुलाने एखादा प्रतिष्ठित पेशा धरावा, ही त्यांची इच्छा.

मुलगाही काही आदर्श विद्यार्थी नव्हता. रीतसर अभ्यासाचा त्याला कंटाळा. पियानोवर बसून मनाला येईल ते वाजवत राहावे, ऐकलेले गाणे आपल्या बोटांनी उतरवावे, यातच त्याचा जीव रमे. वडिलांचा एक शिष्य फेर्दिनां एरोल्द हा पुढे मोठा नाट्यसंगीतकार झाला. त्याचे उदाहरण डोळ्यांसमोर असल्याने मुलाच्या मनात रंगभूमीची ओढ रुजली. शेवटी सतराव्या वर्षाच्या सुमारास वडिलांनी त्याला कॉन्झर्व्हातोआरमध्ये जाऊ दिले, पण संगीत छंद म्हणून शिकावे, पोटाचा धंदा म्हणून नव्हे, अशा बोलीवर.

ही बोली मुलाने पाळली नाही. तिथे त्याला बोआल्दिय हे गुरू भेटले. फ्रेंच ‘ऑपेरा-कॉमिक’ म्हणजे गाणी आणि गद्य संवाद यांनी मिळून होणारे नाटक. आपल्या संगीत नाटकाशी त्याची ठेवण बरीच जुळते. या प्रकारातले बोआल्दिय हे त्या काळचे अग्रगण्य संगीतकार. सुरावट कशी सोपी, गळ्याला सुखाची आणि शब्दांना धरून असावी, हे अदां त्यांच्यापासून शिकला. विद्यार्थिदशेतच तो जिम्नाझ नावाच्या नाटकगृहाच्या वाद्यवृंदात शिरला. काम काय, तर त्रिकोणी घंटा वाजवण्याचे. नामवंत पियानोगुरूंच्या मुलाने नाटकाच्या वाद्यवृंदात घंटा वाजवावी, हे वडिलांना रुचले नसणार. पण रंगभूमी आतून पाहण्याची ती संधी होती. प्रेक्षक कुठे ताटकळतो, कुठे खुलतो, कोणत्या स्वरावर टाळी देतो, हे त्याने तिथे जवळून पाहिले. पुढे तो त्याच नाटकगृहात समूहगायकांचा प्रमुख झाला.

त्याचे नाव गाजले ते 1834 साली, ‘ल शाले’ या छोट्या नाटकाने. त्या एकोणिसाव्या शतकातच या नाटकाने हजार प्रयोगांचा टप्पा ओलांडला. 1836 मध्ये ‘लोंझ्युमोचा टपालस्वार’ आले. त्यातले नायकाचे गाणे तार सप्तकातल्या अशा एका स्वरावर जाऊन थांबते की, आजही युरोपातले पुरुष गायक त्या स्वरावरून आपल्या गळ्याची परीक्षा करतात. उंच स्वराची ही हौस वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण नाताळच्या गीतात ती पुन्हा भेटणार आहे. 28 जून 1841 रोजी पॅरिसच्या ऑपेरात ‘जिझेल’ हे नृत्यनाट्य झाले. त्याचे संगीत अदांने दोन महिन्यांच्या आत लिहिले, पण ते घाईचे नाही. विशिष्ट पात्राला विशिष्ट सुरावट देऊन ती प्रसंगानुसार बदलून आणण्याची त्यातली योजना पुढच्या नृत्यसंगीताला मार्गदर्शक ठरली. ‘जिझेल’ आजही जगभर नाचले जाते.

असे असूनही समकालीन पंडितांचे त्याच्याविषयीचे मत बेताचेच राहिले. त्याचे लेखन भराभर होई आणि सहज वठे. ज्यांना संगीतात खोल विचार हवा होता त्यांना ही सहजता उथळ वाटे. 1844 साली फ्रान्सच्या ललितकला अकादमीने त्याला सभासद करून घेतले, तरी हा शिक्का पुसला गेला नाही.

मग आले 1847 साल. ऑपेरा-कॉमिकच्या संचालकाशी त्याचे बिनसले होते आणि त्या रंगमंचाचे दार त्याला बंद झाले होते. तेव्हा अदांने स्वतःचेच नाटकगृह काढायचे ठरवले. नव्या संगीतकारांना जिथे संधी मिळेल असे तिसरे संगीत रंगमंदिर पॅरिसला असावे, हा त्यामागचा हेतू. आपली पुंजी घालून आणि वर कर्ज काढून त्याने 15 नोव्हेंबर 1847 रोजी ‘ओपेरा-नास्योनाल’ उघडले.

या धांदलीच्या दिवसांत नाताळचे गीत झाले. ऱ्होन नदीकाठी रोकमोर नावाचे एक गाव आहे. तिथे प्लासिद कापो हा दारूचा व्यापारी राहत असे. लहानपणी बंदुकीच्या अपघातात त्याने एक हात गमावला होता. व्यापार सांभाळून तो कविता करी. गावच्या धर्मगुरूंच्या सांगण्यावरून त्याने नाताळवर एक कविता लिहिली आणि ती चालीसाठी अदांकडे पोहोचली. त्या 1847च्या नाताळात एमिली लॉरी या गायिकेने रोकमोरच्या चर्चमध्ये ते गीत प्रथम म्हटले, असे मानले जाते. नाटकगृह उघडून तेव्हा जेमतेम सहा आठवडे झाले होते.

पुढच्या दोन महिन्यांत अदांच्या पायांखालची जमीन सरकली. फेब्रुवारी 1848 मध्ये पॅरिसमध्ये क्रांती झाली, रस्त्यांत अडसर उभे राहिले आणि नाटकाला कोण येणार? मार्चमध्ये नाटकगृह बंद पडले. डोक्यावर सत्तर हजार फ्रँकांच्या घरात कर्ज राहिले. त्याच वर्षी वडीलही गेले. मुलाने रंगभूमीच्या नादी लागू नये, ही त्यांची भीती खरी ठरल्याचे त्यांना अखेरच्या दिवसांत पाहावे लागले.

चरित्राचा हा भाग लेखकाला सर्वांत मोलाचा वाटतो. अदांने कर्ज बुडवले नाही. आपल्या नाटकांवर मिळणारा हक्काचा पैसा त्याने धनकोंच्या नावे करून दिला. पोटासाठी वृत्तपत्रांतून संगीतावर लेख लिहू लागला. 1849 मध्ये, ज्या विद्यालयात वडिलांनी जन्म घालवला तिथेच, तो स्वररचनेचा अध्यापक झाला. ‘कोपेलिया’चा पुढचा कर्ता लेओ देलीब हा त्याचाच विद्यार्थी. लेखणी अखंड चालली आणि काही वर्षांत कर्ज फिटले. ज्या भराभर लिहिण्याला पंडित हसत होते, त्याच लिहिण्याने त्याची अब्रू राखली.

इकडे नाताळचे गीत आपल्या पायांनी फ्रान्सभर हिंडू लागले. चर्चमधून ते रस्त्यावर, मेजवान्यांत आणि गुत्त्यांतही गेले. मग आक्षेप सुरू झाले. हे गीत भक्तीचे नसून नाटकी आहे, हा मुख्य आक्षेप. शब्द लिहिणारा कापो पुढे चर्चच्या शिकवणुकीपासून दूर गेला, हाही डाग लागला. अदां यहुदी होता अशी निराधार वदंताही पसरली. कित्येक धर्मप्रांतांनी हे गीत चर्चमधून हद्दपार करण्याचा प्रयत्न केला. लोक ते गातच राहिले. अमेरिकेत बोस्टनच्या जॉन सलिव्हन ड्वाइट याने 1855 मध्ये त्याला इंग्रजी शब्द दिले. हा ड्वाइट बीथोव्हेनचा कट्टर भक्त आणि संगीताच्या बाबतीत मोठा कडक टीकाकार. पण गुलामालाही भाऊ मानून त्याच्या बेड्या तोडण्याचा जो आशय त्या कवितेत आहे, तो गुलामगिरीचा प्रश्न पेटलेल्या त्या काळातल्या अमेरिकेत अनेकांच्या मनाला भिडला.

टीकाकारांचा मुख्य आक्षेप संगीताच्या दृष्टीने खोटा नाही. साथीला तीन-तीन स्वरांच्या लाटा, त्यावर खालच्या पट्टीत सुरू होणारी संथ ओळ, मध्ये उदास वळण आणि तिथून पायरी पायरीने वर चढत तार सप्तकात केलेला विजय : हा आराखडा रंगभूमीचा आहे. कित्येक गायक तर छापील स्वराच्याही वर चढतात. देवळात कीर्तन रंगात आलेले असावे आणि बुवांनी मध्येच नाटकातले पद टाळीसाठी घोळवावे, तसे काहीसे ते लेखकाच्या कानाला लागते.

पण ज्याने घंटा वाजवत प्रेक्षकांची नाडी ओळखली, त्याने दुसरे काय लिहावे? अदांपाशी देवासाठी एक आणि माणसांसाठी एक असे दोन वेगळे सूर नव्हते. रोकमोरच्या एका चर्चसाठी त्याने आपल्याजवळचे होते तेच दिले, आणि तेही स्वतःचे सर्वस्व पणाला लागलेले असताना.

शेवटचे मोठे नृत्यनाट्य ‘ल कोर्सेर’ 23 जानेवारी 1856 रोजी झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, 3 मे 1856 रोजी, पॅरिसमध्ये झोपेतच त्याचे निधन झाले. वय बावन्न वर्षांचे. मोंमार्त्रच्या दफनभूमीत त्याला ठेवले आहे. त्याची डझनावारी नाटके आज ग्रंथालयांत आहेत. ‘जिझेल’ नर्तकांनी जपले, नाताळचे गीत सामान्य लोकांनी.

यंदाही शिष्य हे गीत बसवून द्या म्हणतील. लेखक ते बसवून देईल, आणि शेवटचा उंच स्वर उगीच ताणू नका, एवढे मात्र आधीच सांगून ठेवील.