भुईमुगाच्या तेलावरचं इंजिन

कोल्हापूर ते गगनबावडा सुमारे ५५ किलोमीटर. पुढे करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट कोकणात उतरतात. भर पावसात, लोअर गिअरमध्ये घुमत जी एस.टी. हे घाट चढते, तिच्या इंजिनाचं नाव मुळात एका माणसाचं आडनाव आहे. दर वाढला की आपण सगळे डिझेलच्या नावाने खडे फोडतो, पण त्या बिचाऱ्याचं आयुष्य कुणाला ठाऊक असतं?

रुडॉल्फ डिझेल १८५८ साली पॅरिसमध्ये जन्मला. आईवडील जर्मन. १८७० च्या युद्धात बिऱ्हाड उठलं आणि बारा वर्षांच्या पोराला जर्मनीत ऑग्सबुर्गला नातेवाइकांकडे धाडलं. पुढे म्युनिकला इंजिनिअरिंग. विषमज्वरामुळे १८७९ ची फायनल हुकली, पण पुढच्या वर्षी गडी अव्वल मार्कांनी पास! (ए.टी.के.टी.वाल्यांनी नोंद घ्यावी.) तिथे प्रोफेसर लिंडे यांच्या लेक्चरला त्याने ऐकलं, की वाफेचं इंजिन कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा कामाला लावतं. बाकी सगळी वाया. हे त्याच्या डोक्यातून गेलंच नाही.

अमोनियाच्या इंजिनाचा प्रयोग करताना स्फोट झाला, मरता मरता वाचला. मग त्याने वाट बदलली. हवा एवढी दाबायची, की ती तापून इंधन आपोआप पेटलं पाहिजे. ठिणगीची गरजच नाही. १० ऑगस्ट १८९३ च्या पहिल्या चाचणीत दाब मोजणारं यंत्रच फुटलं. चार वर्षं घासल्यावर, फेब्रुवारी १८९७ मध्ये, एफिशिअन्सी आली २६.२ टक्के!

१० ऑगस्टला आता जैवइंधन दिवस पाळतात. त्या दिवशी इंजिन भुईमुगाच्या तेलावर चाललं, असं बऱ्याच ठिकाणी छापलेलं असतं, ते चूक. तो प्रयोग १९०० च्या पॅरिस प्रदर्शनातला. फ्रेंच सरकारच्या सूचनेवरून ऑटो कंपनीने केलेला. इंजिनात काही फेरफार न करता ते गोड्या तेलावर इतकं सुरळीत चाललं, की बघणाऱ्यांपैकी फार थोड्यांना कळलं. हे नंतर डिझेलनेच सांगितलं. १९१२ पर्यंत तो वनस्पतीतेलाची बाजू भाषणांतून मांडू लागला होता.

आपल्याकडे २००३ च्या सुमारास मोगली एरंडाची हवा झाली. माळावर लावा, डिझेल पिकवा! बिया पुरेशा धरल्याच नाहीत आणि हवा विरली. टिकलं ते उसाच्या मळीचं इथेनॉल, पण ते पेट्रोलमध्ये जातं. घाटातली एस.टी. डिझेलवरच राहिली.

इंजिन गाजलं, पैसाही आला, पण पेटंटचे खटले, फसलेली गुंतवणूक आणि आजारपण यांत तो गेला. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री 'ड्रेस्डेन' बोटीने अँटवर्पहून इंग्लंडला निघालेला डिझेल जेवण करून केबिनकडे गेला, तो सकाळी सापडला नाही. काही दिवसांनी समुद्रात प्रेत मिळालं. खिशातल्या वस्तू मुलाने ओळखल्या. घात की आत्महत्या, यावर अजून वाद चालतो. निघण्याआधी त्याने बायकोकडे एक बॅग दिली होती, आठवड्याने उघड म्हणून. आत रोख वीस हजार मार्क होते, आणि बँकेची खाती जवळजवळ रिकामी असल्याचे कागद.