एका वर्षाची परीक्षा
मुंबई : नोकरभरतीत वा बढतीत नकळत होणाऱ्या पक्षपाताविषयी आज कंपन्यांतून कार्यशाळा भरतात. डॉ. कमला सोहोनी यांना या पक्षपाताला १९३३ सालीच सामोरे जावे लागले होते.

पूर्वाश्रमीच्या कमला भागवत यांचा जन्म १९११चा, इंदूरचा. विदुषी दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ. मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सी परीक्षेत अव्वल ठरलेल्या कमलाबाईंनी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. संचालकपदी नोबेलविजेते सर सी. व्ही. रामन होते. त्यांनी अर्ज फेटाळला. गुणांविषयी तक्रार नव्हती; अर्जदार स्त्री आहे, एवढेच कारण पुरेसे ठरले.

कमलाबाईंनी बंगळूर गाठून या नकाराचा जाब विचारला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करावे लागेल आणि प्रयोगशाळेतील पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये. हा अपमान जिव्हारी लागूनही त्यांनी अटी स्वीकारल्या. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व डाळींतील प्रथिनांवर काम केले. वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले. त्यानंतर संस्थेची दारे अन्य विद्यार्थिनींनाही खुली झाली.

पुढे केंब्रिजमध्ये नोबेलविजेते फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत त्यांना संधी मिळाली. वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे श्वसनक्रियेतील द्रव्य असते, हे त्यांनी दाखवून दिले. अवघ्या चाळीसेक पानांच्या प्रबंधावर १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

मायदेशी परतल्यावर दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय आणि कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा येथे त्यांनी काम केले. १९४७ मध्ये विवाहानंतर त्या मुंबईत आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये रुजू झाल्या. कुपोषित आदिवासी मुले व गर्भवतींना नीरा उपयुक्त ठरते, हे त्यांच्या संशोधनातून दिसून आले. त्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. याच संस्थेचे संचालकपद मात्र हक्काचे असूनही काही वर्षे उशिराच वाट्याला आले. या वेळी कोणी उघड अटी घातल्या नव्हत्या. म्हणूनच त्याचा जाब विचारणेही अवघड होते.

१९९८ मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने योजलेल्या सत्कार समारंभात त्या कोसळल्या आणि लवकरच त्यांचे निधन झाले.

रामन यांच्यासारख्या प्रज्ञावंतालाही पूर्वग्रहाने गाठले होते. बदल घडला तो समोर आलेल्या कामामुळे. मात्र ते काम दिसावे यासाठी एका तरुणीला वर्षभर अशी परीक्षा द्यावी लागली, जी तिच्या पुरुष सहाध्यायांना कधी द्यावी लागली नाही.