शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट

इ. स. १७५६ चा जानेवारी महिना होता. लंडनच्या दक्षिणेकडील एका रस्त्याने एक नामांकित शस्त्रवैद्य घोड्यावरून चालला होता. एकाएकी तो घोड्यावरून खाली कोसळला. त्याच्या पायाचे हाड मोडून कातडीबाहेर आले. लोक धावले व त्याला उचलू लागले. परंतु त्याने कोणालाही हात लावू दिला नाही. मोडलेला पाय निष्काळजीपणे हलविला, तर हाडाची टोके मांसात रुतून अधिक इजा होते, हे तो जाणून होता. त्याने खुर्ची वाहणाऱ्या दोन भोयांना बोलावणे पाठविले व ते येईपर्यंत तो कडाक्याच्या थंडीत फरसबंदीवर पडून राहिला. तेवढ्या वेळात त्याने एक दार विकत घेतले. भोई येताच त्यांच्या खुर्चीच्या दांड्या त्या दाराला खिळ्यांनी ठोकविल्या आणि त्यावर निजून तो लंडनच्या पुलावरून घरी पोहोचला. हा धीराचा पुरुष म्हणजे पर्सिव्हल पॉट.

पॉटचा जन्म इ. स. १७१४ मध्ये लंडन येथे झाला. तो लहान असतानाच त्याचे वडील वारले. इ. स. १७२९ मध्ये एडवर्ड नोर्स या शस्त्रवैद्याच्या हाताखाली तो विद्या शिकू लागला. पुढे इ. स. १७४९ मध्ये तो सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाचा शस्त्रवैद्य झाला.

घरी आणल्यावर इतर शस्त्रवैद्यांनी पॉटचा पाय तपासला. अशा जखमेत विष भिनून रोगी दगावत असे; म्हणून पाय कापून टाकावा, असे सर्वांचे मत पडले. त्या काळी भूल देण्याचे औषध नव्हते. तरीही पॉटने संमती दिली. शस्त्रे सज्ज झाली. इतक्यात त्याचे वृद्ध गुरू नोर्स तेथे आले. त्यांनी पाय नीट पाहिला आणि तो वाचेल असे सांगितले. त्यांचे म्हणणे मानले गेले व पॉटचा पाय खरोखरच वाचला. अंथरुणावर पडून राहावे लागले, त्या दिवसांतही त्याने वेळ वाया घालविला नाही. त्याने अंतर्गळ या रोगावर ग्रंथ लिहिला.

सुमारे इ. स. १७६८ मध्ये पॉटने मोडलेल्या व निखळलेल्या हाडांविषयी एक पुस्तक प्रसिद्ध केले. मुलांनो, तुमच्या घोट्याच्या बाहेरच्या बाजूस जो उंचवटा हाताला लागतो, तो एका बारीक, लांब हाडाचा खालचा शेवट आहे. नडगीच्या हाडाला लागून असलेल्या या हाडास बहिर्जंघास्थी म्हणतात. शरीराचा फारच थोडा भार ते वाहते. परंतु घोट्याचा सांधा बाहेरून तेच सावरून धरते. हे हाड घोट्याच्या थोडे वर मोडले व सांध्याचे बंध तुटले, म्हणजे पाऊल बाहेरच्या बाजूस वळते, हे पॉटने स्पष्ट करून सांगितले. पुढे या अस्थिभंगास त्याचेच नाव मिळाले. त्यामुळे पॉटचे स्वतःचे हाडही असेच मोडले होते, असा अनेकांचा समज होतो. पण त्याची जखम निराळी होती.

त्या वेळी मोडलेला पाय सरळ ठेवून जोराने ओढीत व हाड बसवीत. पाय ताठ असला की स्नायू आवळतात आणि हाड जागेवर येत नाही, हे पॉटने ओळखले. गुडघा वाकवून पाय कुशीवर ठेवला, तर स्नायू सैल पडतात व हाड सहज बसते, असे त्याने शिकविले. रोग्याच्या यातना त्यामुळे कमी झाल्या.

पॉटची दृष्टी रुग्णालयाबाहेरही पोहोचली. लंडनमध्ये गरिबांची लहान मुले घरांच्या अरुंद धुराड्यांत शिरून काजळी खरवडीत. मोठेपणी त्यांतील काहींना त्वचेचा कर्करोग होई. काजळी हेच त्याचे कारण आहे, असे पॉटने इ. स. १७७५ मध्ये दाखवून दिले. एखाद्या व्यवसायामुळे कर्करोग होतो, हे सांगणारा तो पहिला वैद्य होय. ज्यांची कोणी विचारपूस करीत नसे, त्या मुलांच्या हालअपेष्टा त्याने जगापुढे मांडल्या.

इ. स. १७८८ च्या डिसेंबरमध्ये एका दूरच्या रोग्यास पाहून येताना त्याला थंडी बाधली व त्यातच त्याचा अंत झाला. बहिर्जंघास्थीचे महत्त्व आज अधिकच वाढले आहे. रोगामुळे कोणाच्या जबड्याचे हाड काढावे लागले, तर याच हाडाचा तुकडा रक्तवाहिन्यांसह तेथे बसविता येतो. गुरूच्या विवेकामुळे पॉटचा एक पाय वाचला. आणि पॉटच्या विद्येमुळे पुढे कित्येकांचे पाय वाचले.